राखणदाराची बायको

कान इकडं कर गं पोरी. पुस्तकं धाडतेस, स्वतः मात्र फिरकत नाहीस, हे बरं हाय का? तू लिहिलेली ती खुनाची विनोदी कादंबरी, नव्या मालिकेतली पहिली, मी आमच्या कर्जतच्या ओटीवर वाचून दाखवली. बाया मोडाचे वाल सोलत ऐकत होत्या. फार्महाऊसचा राखणदार टाकीत मेलेला सापडतो आणि इन्स्पेक्टर शेणात घसरतो, तिथं सगळ्या खो खो हसल्या.

ठाकुरवाडीकडची एक करवंदवाली सावलीला टेकली होती. न सांगताच तीही आमचे वाल सोलू लागली होती. तिचा हात थांबला. "त्याच्या बायकोचं काय झालं?"

"पुढच्या भागात कळंल गं!" शेजारीण म्हणाली.

"पुढच्या भागात इन्स्पेक्टर येल. ती नाय यायची. माझा घरवाला बी बंगल्याच्या टाकीतच गावला. प्याला असंल म्हणाले, झालं."

हातातले वाल सोलून ती पाटी उचलून गेली. वळणापार गेली नाही तोच शेजारीण म्हणाली, "वाच गं, उठला का तो शेणातून?"

तू धाडलेला दुसरा भाग मी सगळा चाळला. इन्स्पेक्टर आहे, बायको नाही.

तू ये गं लवकर. वाल भिजत घालते. पुस्तक नको आणूस.