नऊ मिनिटं ऑफलाइन

दिवसाला दोन जीबी म्हणजे नेमकं किती, सांगता येईल तुम्हाला? नाही येणार. घरात वायफाय असलेल्याला ते मोजावंच लागत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना विचारा. काटकसरीने वापरलं तर साठ तक्रारी, आणि संध्याकाळी पाचला खेळ खलास.

एका गिझर कंपनीच्या तक्रारी त्या चौदा वर्षं फोनवर ऐकत आल्या. ऑफिसला टाळं लागलं. साहेब म्हणाले, आता घरूनच करा. पण घरात रेंजच नाही. ती जिन्यात, खिडकीखालच्या पायरीवर. तेव्हापासून रोज नऊ ते पाच वहिनी तिथेच. मांडीवर लॅपटॉप, त्याला सिमकार्डाचं डोंगल, कानाला हेडफोन. नवऱ्याची कंबर अपघातात गेलेली. घर त्या पायरीवर चाले.

सासूबाई दारातून डोकावत. "अगं, जिना विकत घेतलास की काय?"

"भाड्याने घेतलाय, आई."

कंपनीचा नियम असा : लाइन पाच मिनिटांपेक्षा जास्त तुटली की एक शेरा. तिसऱ्या शेऱ्याला नोकरी गेली. वहिनींचे दोन झाले होते.

त्या मंगळवारी सकाळी लॅपटॉपने विचारलं, अपडेट करू का? ऑफिसात या प्रश्नाला चौदा वर्षं 'हो' म्हणायची सवय. तिथलं नेट कंपनीचं होतं. वहिनींनी 'हो' दाबलं. अकरापर्यंत लॅपटॉपने दिवसभराचा डेटा एकट्याने गिळला. "ताई, पाणी गरम होतं, पण..." म्हणणारं गिऱ्हाईक पणपाशीच थांबलं.

पडद्यावर शेजारणीचं वायफाय दिसत होतं. रेघा पूर्ण, वर कुलूप. तिचं दार हाताच्या अंतरावर. पण चपलांच्या स्टँडवरून दोघींचं वाजलं, त्याला आठ महिने झाले होते. वहिनींचं बोट बेलपर्यंत गेलं. हिच्यापुढे हात पसरू? बोट मागे आलं, आणि त्या तीन मजले उतरून रिचार्जच्या दुकानात गेल्या.

"दोन मिनिटं, वहिनी. सर्व्हर झोपलाय," दुकानदार म्हणाला.

परत येऊन बसल्या तोच बटणाचा फोन वाजला. सुपरवायझर. मुलाच्या वयाचा.

"मावशी, नऊ मिनिटं दाखवतंय."

"रिचार्जला गेले होते."

"मला कळतं हो. सिस्टमला नाही ना कळत."

"बरं."

"लॅपटॉप न्यायला उद्या माणूस येईल."

"बरं."

रडू आलं नाही. रागही आला नाही. वहिनींनी हेडफोन पुन्हा कानाला लावला आणि बंद पडद्याकडे बघत बसल्या. सासूबाईंनी चहा आणला, कामात व्यत्यय नको म्हणून आवाज न करता पायरीवर ठेवला, चवड्यांवर परत गेल्या. चहावर साय धरली. पाच वाजले तेव्हा वहिनींनी लॅपटॉप मिटला आणि घरात जाऊन कणीक मळायला घेतली. सांगितलं दुसऱ्या दिवशी, माणूस दारात आल्यावर.

शेजारीण आता सगळ्यांना सांगते, "अहो, बेल मारली असती तर दिला असता की पासवर्ड!" आठ महिने तिच्याच दारासमोर बाई बसलेली होती, बेल कसली मारायची?

तुमच्या जिन्यातही कुणी असं बसत असेल. मागायची वाट बघू नका. आजच दार उघडा, पासवर्ड सांगा. भांडण हवं तर उद्या पुढे चालू ठेवा.