अण्णांचं झाकण

लग्नानंतर नवऱ्याने पहिली इटालियन वाटी आणली, तेव्हा तिला कौतुक वाटलं होतं. जाडजूड चिनी माती आणि तळाला भट्टीत वितळून बसलेली निळी काच, साठलेल्या पाण्यासारखी. आता तसल्या वाट्यांनी दिवाणखान्याची अख्खी भिंत भरली होती आणि कौतुकाचं कधीच पोतेरं झालं होतं. विमा कंपनीत दिवसभर लोकांच्या नुकसानीवर शंका घेणारा हा गृहस्थ घरी आला की बूटही न काढता बॅटरी घेऊन काचेतल्या रेषा न्याहाळत बसे. "जुनं इटालियन काम आहे, हात लावू नकोस," म्हणे. धूळ पुसायला मात्र तीच.

आणि एवढं करून त्या वाट्या होत्या काय, तर ॲशट्रे! कडेला सिगरेट टेकवायच्या खाचासुद्धा होत्या. धुराने झिलई मळते म्हणून त्याने सख्ख्या बापाला, अण्णांना, सिगरेट ओढायला जिन्यात धाडलं होतं. म्हातारा तिथे पायरीवर बसून बिस्किटांच्या डब्याच्या झाकणात राख झाडायचा.

एका रविवारी असाच एक मोठा संग्राहक भिंत बघायला आला. वाहवा करून झाल्यावर त्याने खिशातून सिगरेट काढली.

"ओढा की, घर आपलंच आहे," नवरा पाघळला. मग आत वळून ओरडला, "अगं, पाहुण्यांना राख झाडायला ते अण्णांचं झाकण आण."

"अण्णा जिन्यात बसलेत, तुम्हीच जाऊन मागा," ती दारातून म्हणाली. "आणि त्यांना हेही सांगा, आजपासून घरात सिगरेट चालते."