लाल चिंधीची फेरी

रसवंतीच्या चाकाला कुणीतरी लाल चिंधी बांधली होती. चाक फिरेल तशी ती वर यायची, खाली जायची, आणि माझी भाची मुक्ता हातातला रस विसरून तिच्या फेऱ्या मोजत बसली होती. ती ताऱ्यांचा अभ्यास करते.

"मामा, आम्ही अगदी हेच करतो," ती म्हणाली.

काही तारे म्हणे प्रचंड चुंबकच असतात. त्यांच्या अंगावर क्रोमियमचे, आणखी कसकसल्या धातूंचे डाग असतात. तारा स्वतःभोवती फिरला की डाग समोर येतो, पलीकडे जातो, आणि बदलत्या उजेडावरून ते इथे बसून कळतं. मी आजवर ताऱ्यांना नुसते ठिपके समजत होतो.

रसवाल्याने ऊस सारला, तसं चाक मंदावलं. "ताऱ्याचं चुंबकत्वही त्याला असंच मागे ओढतं," मुक्ता म्हणाली. काही तारे तर इतके मंदावतात, की एका फेरीत माणसाचं आयुष्य सरतं.

"मग मोजतं कोण?"

"आमच्या मॅडमनी अख्ख्या नोकरीत एका ताऱ्याची अर्धी फेरी मोजली. रिटायर होताना वही मला दिली."

"आणि उरलेली अर्धी?"

"ती माझी. डाग परत समोर येईल तेव्हा मॅडम नव्वदीच्या असतील. पहिला फोन त्यांनाच करणार."

चिंधी पुन्हा वर आली. आता मीही मोजत होतो.