बाहेर न आणलेली चिठ्ठी

“झटक लुगडं!” मालकाचा दिवाणजी ओरडला. शाळेसमोर, मोहाच्या झाडाखाली, साऱ्या गावादेखत. मी झटकलं. काही पडलं नाही. त्यानं पदर धरून ओढला. शिपायानं तोंड फिरवलं.

तो माझी मताची चिठ्ठी शोधत होता.

स्वराज्य नवं होतं. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे. पडद्याआड जायचं, ज्याला मत द्यायचं त्याच्या पेटीत चिठ्ठी टाकायची. शिक्का नाही, खूण नाही. आमच्या गावात बाया टाकतच नसत. ओच्यात लपवून बाहेर आणत, दिवाणजीला देत. मग त्याचा भरवशाचा माणूस आत जाऊन सगळ्या चिठ्ठ्या मालकाच्या पेटीत कोंबे. पहिल्या निवडणुकीत मीही आणून दिली. मला वाटलं, मत देणं म्हणजे हेच. सासू म्हणाली होती, “ज्याच्या धानाच्या बांधीत राबतो, त्याले चिठ्ठी.”

मालकाच्या बापाची मालगुजारी होती, गावाचा सारा तोच वसूल करी. सरकारनं ती काढून घेतली, तसा मालक आमदारकीला उभा राहिला.

दुसऱ्या निवडणुकीत माझ्या डोक्यात किडा वळवळला. सगळं गाव आपलंच, असं मालक म्हणतो. मग त्याला आमची चिठ्ठी हातात कशाला हवी? सासूला विचारलं.

“बायाइले पेटी समजत नाही,” ती म्हणाली.

पेट्या दोनच होत्या, वर चित्रं. न समजायला काय? मी चिठ्ठी पेटीत टाकली. कोणत्या, ते आजही सांगणार नाही.

बाहेर दिवाणजी हात पुढं करून उभा.

“काऊन व, चिठ्ठी कोठं हाये?”

“पेटीत.”

“कोणाच्या?”

“पेटीले विचारा.”

मागं एक बाई फिसकन हसली. तिथंच तो भडकला आणि झडतीवर आला.

पदर त्याच्या मुठीतून मी हिसकून घेतला. म्हटलं, “माह्यं झटकून झालं. आता तुमचा कोट झटका, दिवाणजी. बायाइच्या चिठ्ठ्या पडतीन.”

कोणी हसलं नाही. त्याचा हात मात्र खिशावर गेला.

मालक निवडून आला. धानाच्या रोवणीला मला बोलावलं नाही, सासूलाही नाही. सासूनं बोलणं टाकलं. मालक पुढंही निवडून येतच राहिला. सत्काराच्या सभेत सांगतात, लोकांचं प्रेम. असेल. मी एवढंच विचारते, पेटीत टाकलं कोणी?

त्यानंतर माझं मत मी कोणाच्या हातात दिलं नाही. नवऱ्याच्या नाही, पोराच्या नाही. कोणी गाडी पाठवली तर पायी जाते. मरेपर्यंत असंच जाणार.

मी दरेकशाकडची शेतमजूर बाई. हे माझ्यासोबत झालं.