गेल्या म्हणजे कुठं?

मेथी निवडता निवडता आमच्या मंडळीनं माझा रिपोर्ट लिहिला. पुढं परात, मांडीवर पॅड. मी चौथी पास, ती सातवी. नगरपरिषदेत नोटिसा मी बजावायचो आणि रिपोर्ट ती लिहायची. सही तेवढी माझी. रिटायर झालो तरी दुसरा माणूस नाही म्हणून मला कंत्राटावर ठेवलं होतं. साहेब लोक म्हणायचे, मामांचं अक्षर झकास आहे.

मी सांगत होतो, घराला कुलूप होतं, शेजारचा म्हातारा म्हणाला आजी गेल्या, तर लिही, मालक गावी गेल्याने नोटीस दारावर चिकटवली.

तिनं पेन थांबवलं. "गेल्या म्हणजे कुठं?"

"गावी."

"म्हातारा म्हणाला का, गावी?"

"अगं, कांद्याचे दिवस हायेत. त्या बाईचं माहेर नामपूरचं. तिकडंच गेली असंल. लिही तू."

तिनं लिहिलं. नामपूरसुद्धा लिहिलं. मग म्हणाली, मुळं परातीत टाकू नका. दोघांनी मिळून केलेलं हे शेवटचं साधं काम. तिसऱ्या दिवशी तिच्या छातीत दुखायला लागलं. नाशिकला सिव्हिलला नेईपर्यंत ती गेली.

तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि मी कामावर आलो. घरी बसून काय करायचं ते कळत नव्हतं. ऑफिसातही कळत नव्हतंच, पण तिथं चहा मिळायचा.

आता ही नोटीस काय असते ते सांगतो. घर बांधताना बाजूनं जागा मोकळी सोडावी लागते. तिला साइड मार्जिन म्हणतात. आग लागली तर माणसाला शिरायला वाट पाहिजे, म्हणून. या आजींच्या घराच्या मार्जिनमध्ये पत्र्याची खोली उठवलेली होती, परवानगी नव्हती. अशा बांधकामाला एमआरटीपी कायद्यात कलम ५३ ची नोटीस देतात. एक महिना मुदत. तेवढ्यात खोली काढा, नाहीतर ठेवू द्या असा अर्ज करा. अर्ज आला की निकाल लागेपर्यंत खोलीला कुणी हात लावायचा नाही. काहीच आलं नाही तर पाडकाम.

इथं महिना उलटला, अर्ज आला नाही. गुरुवारी जेसीबी ठरला. बुधवारी दुपारी संगीता नावाची बाई ऑफिसात आली. त्या आजींची एकुलती एक मुलगी. नवरा अंबडला कंपनीत होता, आता आजारपणानं घरी. ही त्या पत्र्याच्या खोलीत ब्लाउज शिवते, त्यावर घर चालतं. तिनं टेबलावर दोन कागद ठेवले. एक आईचा मृत्यूचा दाखला. दुसरी माझीच नोटीस, चार घड्या घातलेली.

आमच्या नगरपरिषदेच्या वकील मॅडम नव्या होत्या. त्यांनी विचारलं, नोटीस मिळाली होती तर महिनाभर काय केलं?

"आईच्या नावाची होती, आईच्या पेटीत ठेवली," संगीता म्हणाली. "आईला जाऊन पंधराच दिवस झालते. तिचे कागद वाचायचं मन होईना."

मॅडमनी माझा रिपोर्ट वाचून दाखवला. संगीता माझ्याकडं बघून म्हणाली, "त्या दिवशी नामपूरला आम्ही नवराबायको गेलो होतो मामा. आई नाय."

मॅडम म्हणाल्या, मयत माणसाला नोटीस बजावता येत नाही. मी म्हटलं, मी माणसाला कुठं बजावली, दाराला बजावली. कागद तोच, दार तेच, खोली तीच. त्या म्हणाल्या, नोटीस दाराला नसते मामा. मालक मयत असेल तर वारसाच्या नावानं काढायची आणि वारसाला पुरा महिना द्यायचा. मला काही उमगेना. कागद तर महिनाभर हिच्याच घरात होता. मॅडमनी पुन्हा सांगितलं. मी मान हलवली.

आमचे इंजिनिअर साहेब दोन आठवड्यांपूर्वीच बदलून आलेले. ते म्हणाले, शेजाऱ्यानंच गावी सांगितलं तर आपली काय चूक? पोलीस बंदोबस्त लागलाय, उद्याचं उद्या उरकू. मॅडम म्हणाल्या, गावी सांगितलं असेल तर निदान आपल्याला चुकीचं सांगितलं असं म्हणता येईल. नुसतं 'गेल्या' म्हणाला असेल तर त्यानं खरंच सांगितलं होतं, आपण ऐकलं नाही.

म्हणजे सगळं माझ्या एका शब्दावर आलं. गावी म्हटलं तर साहेब त्याच्या आडून उद्याच उरकणार, मी सुटतो आणि हिची खोली जाते. साहेब म्हणाले, "मामा, नीट आठवा. गावी म्हणाला ना?"

मी आठवायला लागलो. म्हातारा डोळ्यांपुढं येईना. परात येत होती.

"रिपोर्टात आहे ना? अक्षर तुमचंच ना?"

"अक्षर आमच्या मंडळीचं हाय."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "शासकीय कागद बायकोकडून लिहून घेता? लावा त्यांना फोन."

"ती गेली, साहेब."

"कुठं?"

विचारलं आणि साहेबांनाच कळलं, त्यांनी मान खाली घातली. आणि मला म्हातारा दिसला. बादली खाली ठेवून त्यानं हात जोडले होते. गावी गेलेल्या माणसासाठी कोण हात जोडतं?

"म्हातारा नुसतं 'गेल्या' म्हणाला," मी सांगितलं. "गावी माझ्या मनचं. नामपूरही माझंच."

मॅडमनी कोरा कागद पुढं केला. मी एवढंच लिहिलं, पण बराच वेळ लागला. मॅडमनी त्यावर टिपण केलं, मोठ्या साहेबांनी, म्हणजे मुख्याधिकाऱ्यांनी, पाडकाम थांबवलं, माझ्या नावानं मेमो निघाला. संध्याकाळी संगीताच्या नावानं नवी नोटीस तयार झाली. पुढं तिनं अर्ज केला. चार फूट तोडून उरलेली खोली दंड भरून राहिली.

पण ते नंतर. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या दारात गेलो. नाव विचारलं, माहीत असून. आईचं पूर्ण नाव विचारलं. नोटीस हातात दिली, सही घेतली. मग तिथंच पायरीवर बसून रिपोर्ट स्वतः लिहायला घेतला. 'मूळ मालक मयत' असं लिहिलं, 'मयत'मधला 'य' दोनदा गिरवला. संगीता वाकून बघत होती.

"अक्षर लागत नाय मामा."

"मग वाचून दाखवतो," मी म्हटलं आणि वाचून दाखवलं.