रत्नागिरीचा नवा प्रोग्रॅम आणि परळपर्यंतची सोबत

"ऑफिसच्या कामाला चार दिवस रत्नागिरीला चालले आहे," असं मी घरात जाहीर केलं, तेव्हा आईने एकच प्रश्न विचारला, "सोबत कोण?"

मी म्हटलं, "कोणी नाही. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. दादरच्या एका लहानशा कंपनीत मी कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहायचे आणि त्याचा मला भलताच ताठा होता. रत्नागिरीतल्या एका टूर कंपनीचा तिकीट बुकिंगचा जुना प्रोग्रॅम काढून नवा बसवायचा होता. मेचा शेवट, बाहेर ऊन मी म्हणतंय, आणि पुरुष सहकाऱ्यांपैकी कोणी जायला तयार नव्हतं. मी लगेच हात वर केला.

आता कोकण रेल्वेने डुलक्या काढत जाणाऱ्यांनो, तेव्हा ती रेल्वे नव्हती. सकाळी लवकर एसटी पकडायची, कशेडी घाटात पोट हातात धरायचं, खेडला गाडी थांबली की गरम उसळपाव खायचा आणि संगमेश्वरपर्यंत त्याचा पश्चात्ताप करायचा. हातखंब्याला वळलं की वारा बदलतो. खारट, दमट आणि कुठूनतरी पिकल्या फणसाचा वास. तो वास आजही तसाच आहे, तेवढ्यासाठी तरी एकदा रस्त्याने जा. मी एसटी स्टँडजवळच्या एका लॉजवर उतरले. खालच्या खाणावळीत बांगड्याचं तिखलं आणि भात मिळायचा, आणि वाढणाऱ्या मावशी "अजून घे गो" म्हणत पानावरून उठूच द्यायच्या नाहीत.

टूर कंपनीचे मालक बापू साळवी. मे महिन्यात त्यांच्या बस पाहुण्यांना गणपतीपुळे आणि जयगडचा किल्ला दाखवत फिरायच्या, आणि सुट्टी संपत आली की चाकरमान्यांना मुंबईला पोचवायच्या. कॉम्प्युटरची खोली म्हणजे देवघर होतं. चपला बाहेर काढायच्या, मॉनिटरवर रोज ताजं जास्वंद. खिडकीत बसायच्या नंदाताई जाधव, चाळिशीच्या, खणखणीत आवाजाच्या.

पहिल्या दिवशी मी जुना प्रोग्रॅम कसा चालतो ते बघत बसले. बघते तर काय, एक तिकीट निघेस्तोवर चहा पिऊन व्हायचा! तो नाव विचारायचा, मग गाव, वाडी, कुठे उतरणार, बरोबर कोण. एवढं करून सीट द्यायच्या आधी त्या गाडीतले सगळे प्रवासी एकेक करून हिरव्या अक्षरांत दाखवायचा. नंदाताई प्रत्येक नाव मोठ्याने वाचायच्या आणि रांगेतले लोक त्यात भाग घ्यायचे.

"पवार? निवळीचा? त्याची बहीन आमच्या वाडीत दिलीय."

"मग तुमच्या म्हातारीला त्याच्या बाजूला बसवू?" नंदाताई विचारायच्या.

"बसवा बसवा. मानूस बरा हाय."

बापूंना ही रांग डोळ्यांसमोर नको होती. "मानूस खिडकीशी आला की तिकीट हातात पडला पायजे," असं त्यांनी आमच्या साहेबांना बजावलं होतं. म्हणून नवा प्रोग्रॅम फक्त नाव विचारून पुढची रिकामी सीट देत होता. दुसऱ्या दिवशी तो सुरू केला आणि रांग बघता बघता वितळली. बापूंनी पेढे वाटले. मी हवेतच होते.

दुपारी पालीजवळच्या गावातले एक म्हातारे बाबा आले. डोक्याला टोपी, काखेत छत्री, मागे विशीतली सून. तिचं नाव सुनंदा. नंदाताईंनी नाव घातलं, तिकीट लगेच बाहेर आलं. बाबांनी ते उलटसुलट करून पाहिलं.

"शेजारी कोन?"

"कोनी साळुंखे हायत."

"कुठले?"

"ता आता मशिन विचारीत न्हाय."

"बाई हाय का बाप्या?"

"तापन विचारीत न्हाय."

बाबांनी तिकीट खिडकीतून परत सरकवलं. "सोबत असल्याबिगर मी सून धाडायचा न्हाय. आता पेरनी झाल्यावर बघू." डोळे भरून आलेले लपवायला सुनंदाने तोंड फिरवलं.

ती दोघं गेल्यावर नंदाताईंनी सांगितलं. लग्नाला दोन वर्षं झाली, नवरा मुंबईत, ही इथे. परळला मोठ्या मिनतवारीने एक खोली मिळाली होती, पण जून लागायच्या आत बायको आली नाही तर ती दुसऱ्या बिऱ्हाडाला जाणार होती. पेरणी झाली की लावणी, लावणी झाली की गणपती. म्हणजे खोली गेलीच.

मला रात्रीचं जेवण गोड लागलं नाही. खरं सांगायचं तर रागही आला होता. सोबत, सोबत! आईपासून पळून इथे आले तर इथेही तेच. पण त्याहून जास्त कुतूहल होतं. ही सोबत म्हणजे असतं तरी काय, जिच्यासाठी माणूस हातातलं तिकीट परत करतो?

सकाळी नंदाताईंकडून गावाचं नाव घेऊन मी पालीची एसटी धरली. पालीच्या बाजारात चहावाल्याने घर सांगितलं. पुढे जांभ्याच्या तांबड्या वाटेने घामाघूम होत चालत गेले. बाबा अंगणात होते. कोकमाचं सरबत हातात देऊन त्यांनी माझी चौकशी सुरू केली.

"गाव कंचा?"

"दादर."

"ता ऱ्हायाचा ठिकान झाला. गाव कंचा?"

"आजोळ खेडकडचं."

"जगबुडी नदीच्या हल्याड का पल्याड?"

"पल्याड."

वाडी झाली, आजोबांचं नाव झालं, मामा काय करतात ते झालं. मला एकदम हसू फुटलं. प्रोग्रॅममधून मी काढून टाकलेले सगळे प्रश्न बाबा मला ओळीने विचारत होते. आणि गंमत म्हणजे, उत्तरं देता देता त्या अनोळखी अंगणात मला घरच्यासारखं वाटायला लागलं होतं.

"उद्या मी हिच्या शेजारी बसते," मी म्हटलं. "परळला नवऱ्याच्या हाती सोपवूनच पुढे जाईन."

बाबांनी माझा रिकामा पेला उचलला. "जावा मग. पन तुमाला एकटीला घरच्यांनी सोडलानी कशी?"

दाराआडून सुनंदा हसली.

दुपारी रत्नागिरीला परतून मी गाव, उतरायचं ठिकाण आणि सोबत, हे तीन प्रश्न प्रोग्रॅममध्ये परत घातले. सीट निवडायचं काम नंदाताईंकडे दिलं. बापू कुरकुरले, "रांग वाढंल हो." पण परत आलेलं तिकीट त्यांनीही पाहिलं होतं. सुनंदाशेजारची सीट मी घेतली आणि साळुंख्यांना पुढची खिडकी दिली, ते खूश. माझं एसटीचं रिझर्वेशन मी सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदा तांदूळ, कुळीथ, सुकट आणि एक अख्खा फणस घेऊन हजर! फणस माझ्या पायाशी बसला. ती रत्नागिरीच्या पलीकडे कधी गेलीच नव्हती. प्रत्येक पुलावर नदीचं नाव विचारायची. जगबुडी मला सांगता आली, सावित्रीही आली. पण त्यामधल्या कशेडी घाटात माझी सगळी ऐट उतरली. सुनंदाने माझं डोकं मांडीवर घेतलं, आमसूल तोंडात घातलं आणि महाडपर्यंत पदराने वारा घातला. मी मुकाट पडून राहिले.

परळला संध्याकाळी तिचा नवरा केव्हापासूनचा उभा होता. दोघं एकमेकांकडे नीट बघेनातच, नुसते हसत राहिले. मी बॅग उचलली, तेवढ्यात सुनंदाने हात धरला. "ताई, तुमी एकट्या जानार? आमी येताव की."

दादर तिथून हाकेच्या अंतरावर. एरवी मी फटकन नाही म्हटलं असतं. त्या दिवशी हो म्हटलं.

तो प्रोग्रॅम पुढे कधी बंद पडला, मला माहीत नाही. आता मोबाइलवर मिनिटभरात तिकीट निघतं आणि गाव कोणी विचारत नाही. कोकणात जाताना मी मात्र शेजारच्या सीटवरच्या माणसाला पहिला प्रश्न तोच विचारते. तुम्हीही विचारून बघा, प्रवास लवकर सरतो.

आणि त्या संध्याकाळी? आईने दार उघडलं. पुढे मी पांढरीफटक, मागे डोक्यावर फणस घेतलेला एक माणूस आणि त्याच्या शेजारी सुनंदा. मी तोंड उघडायच्या आत तीच पुढे झाली.

"तुमच्या लेकीला सांबाळून आनलाय हां," ती आईला म्हणाली. "घाटात लय तरास झाला तिला. बरा झाला मी सोबत होते."