झेंडूच्या माळा घातलेल्या रायफली

खंडेनवमीला सोलापुरात हत्याराला हात लावणारा माणूस शोधून सापडत नसे. घरोघरचे माग बंद, गिरण्यांतली यंत्रं हार घालून उभी, टांगेवालासुद्धा चाकाला हळदकुंकू लावून घोड्याशेजारी निवांत बसलेला. पोलीस मुख्यालयातही तेच. सत्तरचं दशक होतं आणि मी तिथल्या सशस्त्र तुकडीचा फौजदार होतो. कुठे दंगल पेटली, कुणी हत्यार घेऊन अडून बसलं, की आमची निळी गाडी निघायची. त्या दिवशी मात्र आमच्या रायफली सतरंजीवर झेंडूच्या माळा घालून आडव्या पडल्या होत्या. पूजा झालेलं हत्यार दसऱ्याचं सोनं लुटेपर्यंत हलवायचं नाही, असा रिवाज. तसा लेखी हुकूम कुठेच नव्हता, पण सगळे पाळायचे.

नेमका तेव्हाच फोन वाजला. वळसंगच्या पुढे एका खेड्यात एक शेतकरी बारा बोअरची बंदूक घेऊन घराच्या माळवदावर, मातीच्या सपाट छतावर, चढला होता. बांधाच्या भांडणात त्याने भावाला बंदूक दाखवली, भावाने तक्रार दिली, म्हणून बंदूक जमा करून घ्यायला ठाण्याचा हवालदार गेला होता. तो जीव घेऊन पळून आला. आता शिडीवर पाय ठेवील त्याला उडवतो, असं तो शेतकरी वरून ओरडत होता. वरिष्ठ मला म्हणाले, समजावून बघा, नाही ऐकलं तर गोळी घाला, पण आपला माणूस जायला नको.

आमचा नाईक वयाने माझ्याहून मोठा. तो रायफलींपुढे हात जोडून उभा राहिला.

"साहेब, माळा तरी रीतीनं उतरवू द्या की."

"माळांसकट उचला!" मी खेकसलो.

तर अशी आमची तुकडी नवरदेवासारखी नटून निघाली. रस्त्यावरची पोरं गाडीकडे बघून हसत होती आणि मी तोंड फिरवून बसलो होतो.

मला एक खोड होती, अजूनही आहे. हुकूम मिळाला की त्यामागचं कारण कळेपर्यंत मला चैन पडायचं नाही. सख्ख्या भावावर ज्याने बार काढला नाही, तो एका हवालदारापायी मरायला का तयार व्हावा? गाडीत मी हेच पुन्हा पुन्हा बोलत होतो. शेवटी नाईक वैतागला.

"साहेब, तुमी चौकशीच्या खात्यात जायला पायजे होतं. आपल्या कामात बार निघाला की कारण संपलं."

गावात पोलीस पाटील वेशीपाशीच थांबले होते. त्यांना मी आधी हेच विचारलं.

"हवालदार बुटं घालून देवापुढं गेला, सायेब," ते म्हणाले. "आयुधं मांडलेली. ह्याच्या म्हातारीनं नगं नगं म्हटलं तरी पाटावरची बंदूक वडली. ह्याचं डोस्कंच फिरलं. बंदूक हिसकून घेतली आन् गेला वर. माणूस वाईट न्हाय हो, तापट हाय."

घरासमोरच्या दगडी कुंपणाआड माझी माणसं बसली. कुंपणावर रायफलींच्या नळ्या आणि त्यांवर डोलणारे झेंडू, असं ते दृश्य. मी दुर्बीण लावली. माळवदाच्या कडेला चाळिशीचा एक आडदांड माणूस मांडी घालून बसला होता. बंदुकीच्या दस्त्यावर भस्माचे तीन पट्टे होते आणि नळीला झेंडूची माळ तशीच होती. त्याने ती काढली नव्हती.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ज्याला पाटावरच्या बंदुकीला बुटाचा विटाळ चालला नाही, तो त्याच बंदुकीचा बार आज काढील कसा? हा नुसता ओरडतोय! मला इतका आनंद झाला की काय सांगू. तरी विषाची परीक्षा नको, म्हणून नाईकाला रायफली भरायला लावल्या. बंदुकीची नळी माझ्याकडे वळली तर वाट बघू नका, असं बजावलं आणि एकटा पुढे गेलो.

अंगणात बसून मी बूट काढायला लागलो. पोलिसांचा बूट काढणं म्हणजे छोटी मोहीमच. त्यात एका नाडीची गाठ बसली. वरून तो, मागून नाईक आणि आजूबाजूच्या घरांच्या दारांआडून अख्खं गाव माझ्या नाडीकडे बघत होतं.

"काय करताय?" वरून आवाज आला.

"देवाच्या घरी आलोय अण्णा. बूट घालून कसा येऊ?"

मी अनवाणी शिडी चढलो. मनाने मी निश्चिंत होतो. नळी जागची हलली नाही. मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो.

"न्ह्या म्हणत असाल तर न्ह्या," तो म्हणाला. "पर आज न्हाय. उद्या सोनं लुटलं की मीच ठाण्यात आणून देतो."

"चालेल. आजचा दिवस पाटावर राहू दे. मी खाली दारात बसतो."

त्याने मान हलवली आणि बंदूक मधोमध वाकवून उघडली. दोन्ही नळ्यांत काडतुसं होती.

"पूजेच्या बंदुकीत काडतुसं?"

"हवालदार पळाल्यावर घातली की."

"आणि उडवली असती? आज?"

"व्हय. देवाची माफी मागितली असती मागनं."

"मग मला का सोडलंत?"

त्याने कुंपणाकडे बोट दाखवलं. "तुमच्या बंदुकांवर फुलं दिसली. म्हटलं, ह्यांचीबी पूजा झालीया, ह्ये काय आज बार काढत न्हाईत. मग आपुन कशाला काढायचा?"

मी खाली बघितलं. नाईकाने एक डोळा मिटलेला होता आणि त्याची झेंडूवाली नळी या माणसाच्या छातीवर रोखलेली होती, माझ्याच हुकमाने. मी इतकाच ओरडू शकलो, "नाईक, रायफली रिकाम्या करा!"

बोल्ट मागे ओढल्याचे आवाज कुंपणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आले. काडतुसं दगडांवर पडून वाजली. बंदूक बाळगणाऱ्याला तो आवाज समजावून सांगावा लागत नाही. तो ऐकत राहिला. मग त्याने माझ्याकडे बघितलं, आणि आपल्या बंदुकीतली दोन्ही काडतुसं काढून माझ्यासमोर ठेवली. मी ती खिशात घातली.

खालून नाईक विचारत होता, "साहेब, बुटं वर आणू का?"